एरंडोलच्या स्टँडवर मोडलेला सिद्धांत

बोरसे सरांचा मला राग येतो. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मला कळतं. मागच्या हिवाळ्यात सर गेले तेव्हा मी सोनगीरला जाऊन आले, त्यांच्या पत्नीच्या, अक्कांच्या शेजारी बसून पोटभर रडले, आणि परतीच्या गाडीत बसल्यावर पुन्हा रागच आला. इतकं चांगलं डोकं, आणि इतका हट्टी माणूस. मी विभागातली धाकटी, म्हणून सरांना तोंडावर कधी बोलता आलं नाही. आता बोलते.

मी यावलकडची, केळीवाल्यांच्या घरातली. एमएस्सी झाल्यावर धुळ्याच्या कॉलेजात गणिताची जागा मिळाली, तेव्हा घरच्यांना वाटलं पोरगी परदेशात चालली. माझी बोलण्याची ढब ऐकून स्टाफरूममध्ये दोघातिघांनी हसून घेतलं. बोरसे सर हसले नाहीत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला फळा स्वतः पुसायला आवडतो की शिपायाने पुसलेला चालतो?" मी म्हटलं, कोणीही पुसलेला चालतो. सरांचा चेहरा जरा उतरला. तिथे मी पहिल्याच दिवशी नापास झाले, हे मला पुढे कळलं.

सर रोज सोनगीरहून एसटीने यायचे. उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, आणि उजव्या बाहीला कोपरापर्यंत खडू. चष्म्याच्या घरात ते खडू ठेवायचे आणि चष्मा तसाच खिशात टाकायचे, त्यामुळे खडू कायम नवे कोरे आणि काचांवर ओरखडेच ओरखडे. अक्कांनी नवीन घर आणून दिलं, तर त्यात रंगीत खडू गेले. वर्गात पाय ठेवला की आधी फळा पुसायचा, मग तो स्वच्छ का असेना. पोरं म्हणायची, सर फळ्याला आंघोळ घालतात.

या पुसण्याचं एक शास्त्र होतं आणि ते मला मुळीच मान्य नव्हतं. एखादा मुलगा फळ्यावर गणित सोडवताना शेवटच्या ओळीत चुकला, तर दुसरा कोणीही शिक्षक ती एक ओळ पुसायला लावेल. सर सगळा फळा पुसायला लावायचे. पहिल्यापासून. मुलगा रडकुंडीला यायचा, वरच्या ओळी बरोबर आहेत हो सर. सर म्हणायचे, चूक दिसते एका ओळीत, पण ती आलेली असते कुठून तरी, आणि अर्धवट पुसलेल्या फळ्यावर माणूस आपल्याच जुन्या अक्षराला भुलतो. पोरांना हे पाठ झालं होतं. त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे चांगली निघाली, हेही खरं. म्हणून मी गप्प बसायचे. पण मला आपलं वाटायचं, बरोबर आलेल्या ओळींनी काय घोडं मारलंय?

सरांचा जीव ज्या विषयात होता तो मी सोप्या शब्दांत सांगून टाकते, म्हणजे पुढचं कळेल. एक नियम घ्यायचा, समजा एक्सचा वर्ग अधिक एक्स. असल्या नियमाला बहुपदी म्हणतात. त्यात एक आकडा घालायचा, जे उत्तर येईल ते परत त्याच नियमात घालायचं, परत घालायचं, असं घालत राहायचं. काही आकडे भटकत जातात ते जातातच. काही फिरून मूळ जागी येतात. त्यांना आवर्ती बिंदू म्हणतात. सर हे एसटीवरून शिकवायचे. धुळ्याहून सुटलेली गाडी एरंडोल, जळगाव, पाचोरा, चाळीसगाव करून परत धुळ्याला आली, तर तो पाचाचा फेरा. आता प्रश्न असा, की दोनाचा फेरा, तीनाचा फेरा, शंभराचा फेरा, असा प्रत्येक लांबीचा फेरा मारणारा कोणी ना कोणी आकडा असतोच का? आपल्या नेहमीच्या आकड्यांत एखाददुसरा अपवाद सोडला तर असतोच, हे आधीपासून माहीत होतं. पण सरांचं घर दुसऱ्या जगात होतं. आठवड्याचं उदाहरण घ्या. आज सोमवार असेल तर सात दिवसांनीही सोमवारच. सात मिळवले काय, न मिळवले काय, सारखंच. त्या हिशोबात सात म्हणजे शून्य. अशी जगं प्रत्येक मूळ संख्येसाठी असतात, कुठे दोन म्हणजे शून्य, कुठे तीन, कुठे पाच. या जगांतही सगळ्या लांबीचे फेरे सापडतात, अपवाद अगदी किरकोळ, हे सरांना सिद्ध करायचं होतं. त्यावर त्यांची पीएचडी व्हायची होती.

त्यांचं बोलणंही तसंच झालं होतं. कोणी छत्री नेली, की "बघू, परत येते का." मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तेव्हाही डोळे पुसत हेच म्हणाले. एकदा प्राचार्यांनी परीक्षेच्या पर्यवेक्षणाची पाळी लावायचं काम सरांच्या गळ्यात मारलं. सरांनी प्रत्येक शिक्षकाला एक क्रमांक दिला, शिक्षकांची एकूण संख्या म्हणजे शून्य धरलं आणि बहुपदी लावून दिली. आज ज्याची पाळी, त्याचा क्रमांक नियमात घालायचा, जो आकडा येईल त्याची उद्या पाळी. प्राचार्य खूश, वशिल्याला जागाच नाही. पुढे काय झालं, तर पाळी फिरत फिरत प्राणिशास्त्राच्या पवार सरांकडे पोचली आणि तिथून हलेचना. त्यांचा क्रमांक नियमात घातला की उत्तर त्यांचाच क्रमांक यायचा. बिचारे रोज हॉलमध्ये उभे. शेवटी ते तणतणत स्टाफरूममध्ये आले. बोरसे सरांनी उठून त्यांचा हात हातात घेतला आणि मनापासून सांगितलं, "सर, तुम्ही स्थिर बिंदू आहात." पवार सरांना वाटलं कौतुक आहे. ते थोडे निवळलेसुद्धा. मी मात्र बोरसे सरांना नंतर विचारलं, तुम्हाला हे आधीच दिसलं असणार ना? तर लाजून म्हणाले, कोणाच्या किती दिवसांनी लक्षात येतं ते बघत होतो.

असा हा माणूस. आता मुख्य गोष्टीकडे येते.

जळगावच्या एका कॉलेजात परिषद होती आणि त्यात सरांना बोलायला बोलावलं होतं. सिद्धता पूर्ण झाली होती. कितीतरी वर्षांचं काम, संध्याकाळी सोनगीरच्या ओट्यावर बसून केलेलं, समोरच्या आळीत तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक चालू असताना. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक म्हणाले होते, जळगावला बोला आणि प्रबंध सादर करून टाका. अक्कांनी नवा शर्ट इस्त्री करून दिला होता. मीही श्रोत्यांत बसायला म्हणून सरांबरोबर निघाले. धुळ्याहून सकाळची गाडी. सर खिडकीशी, मी शेजारी, मांडीवर त्यांचे कागद. पारोळ्यापर्यंत ते मला एकेक पायरी समजावून सांगत होते आणि मी हो हो करत होते. खरं सांगते, इतकं देखणं काम मी तोवर पाहिलं नव्हतं. पारोळा सुटलं आणि ते बोलायचे थांबले. मला वाटलं झोप लागली. पाहते तर डोळे टक्क उघडे, कागदावरच्या एकाच ओळीवर.

एरंडोलच्या स्टँडवर गाडी चहाला थांबली. सगळे उतरले, सर उतरले नाहीत. मी चहा घेऊन आले तर त्यांनी तो घेतलाही नाही. एवढंच विचारलं, "मॅडम, सातच्या जगात सात गुणिले ए किती?"

मी म्हटलं, शून्य. आणि म्हटल्याबरोबर मला दिसलं.

सिद्धतेत एके ठिकाणी फेऱ्याच्या लांबीने गुणलेलं एक पद येत होतं, आणि सरांनी त्याने भागलं होतं. नेहमीच्या आकड्यांत त्यात काहीच गैर नाही. लांबी कधी शून्य नसते. पण ज्या जगात सात म्हणजेच शून्य, तिथे साताचा फेरा असेल तर? सरांनी शून्याने भागलं होतं. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक पोराला "भागायच्या आधी छेदाला नाव विचारा" म्हणून बजावणाऱ्या माणसाने. आता तुम्ही म्हणाल, केवढी ही बावळट चूक. तसं नाही. ज्याचं बोट आयुष्यभर नेहमीच्या आकड्यांवरून फिरलंय, त्याचं बोट त्या ओळीवरून घसरतंच. माझंही घसरलं होतं, पारोळ्याच्या अलीकडेच, हो हो करताना.

खिडकीच्या काचेवर धूळ होती. सरांनी बोटाने तिच्यावर लिहिलं, एक्सचा वर्ग अधिक एक्स. आणि दोनचं जग घेतलं, जिथे एक आणि एक मिळून शून्य होतं. नियम दोनदा लावला. मध्ये एक्सचा वर्ग दोनदा आला. दोन म्हणजे शून्य, म्हणून दोन्ही गेले. उरलं त्यातून निघालं ते असं, की दोनाचा फेरा मारणारा आकडा या नियमाला नाहीच. एकही नाही. सरांनी खाली चाराचा करून पाहिला, तोही नाही. आठाचाही नाही. म्हणजे नुसती सिद्धता मोडली नव्हती, विधानच खोटं होतं. मी काचेकडे बघत होते आणि मला एकीकडे रडू येत होतं, आणि दुसरीकडे, खोटं कशाला बोलू, अंगावर शहारा येत होता. इतका साधा नियम, आणि त्यात ओळीने दोन, चार, आठ, सगळे फेरे गायब. कंडक्टरने घंटी मारली तशी सरांनी तळहाताने काच पुसली.

जळगावला मी त्यांना म्हटलं, तब्येत बरी नाही सांगू या आणि परत जाऊ. ते म्हणाले, बोलावलंय तर बोललं पाहिजे. फळ्यापाशी गेले, फळा पुसला. आपलं विधान सुंदर अक्षरात लिहिलं. सिद्धता त्या ओळीपर्यंत लिहिली. मग वळून म्हणाले, "इथे मी शून्याने भागलं आहे. त्यामुळे पुढे काही नाही." आणि सगळा फळा पुसून खाली येऊन बसले.

सभागृहात कोणीतरी हसलं. अध्यक्ष म्हणून दक्षिणेकडच्या एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी माईक घेऊन विचारलं की विधान खोटं आहे याचं उदाहरण आहे का. सरांनी बसल्या जागेवरून एक्सचा वर्ग अधिक एक्स सांगितलं. बाईंनी समोरच्या कागदावर दोन ओळी खरडल्या, मग त्यांच्या डोळ्यांत मी तेच पाहिलं जे एरंडोलला माझ्या अंगावर आलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्या स्वतः सरांना शोधत आल्या. त्या इंग्रजीत बोलत होत्या, त्याचा मतलब असा, की तुम्ही काही गमावलेलं नाही, कोणत्या नियमात कोणते फेरे गायब होतात हाच खरा प्रश्न आहे, तो करा, आणि मला लिहा. सरांनी हात जोडले. म्हणाले, मॅडम, ती माझी चूक आहे, माझं काम नाही.

मला वाटलं, आज दुखावलेत, महिन्याभरात शुद्धीवर येतील. कसले येतात! मी मागे लागले, भांडले, अबोला धरला. मीच सुरुवात करते, तुम्ही फक्त तपासा, असंही म्हणून पाहिलं. ते शांतपणे म्हणायचे, तुम्ही जरूर करा, मी त्यात नाही. माझ्या एकटीच्या आवाक्यातलं ते नव्हतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं. सिद्धतेचे कागद त्यांनी विभागात आणून ठेवले आणि मुलांना कच्च्या कामासाठी वाटून टाकले, मागची बाजू कोरी आहे म्हणून. त्या वर्षी आमच्या पोरांनी सराव परीक्षेची आकडेमोड सरांच्या सिद्धांताच्या पाठीवर केली. मी दोनचार कागद परत मागून घेतले, तर त्यावर कोणीतरी क्रिकेटची टीम काढलेली.

पीएचडी झाली नाही. त्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा विभागप्रमुख झाला आणि सर त्याच्यासमोर उभे राहून रजेचा अर्ज देऊ लागले, तेही हसतमुखाने. कोणी विचारलं की संशोधनाचं काय झालं, तर म्हणायचे, "चुकलं." एवढंच. घरीही एवढंच सांगितलं असावं. अक्का मला एकदा बाजूला घेऊन विचारत होत्या, की यांनी कॉलेजात काही लबाडी केली का, कोणाचं चोरलं का, कारण हा माणूस हल्ली गावात मान वर करून चालत नाही. मी त्यांना शपथेवर सांगितलं की तसं काही नाही. पण काय आहे ते मला त्यांना समजावता आलं नाही, आणि ज्याने समजवायचं तो ओट्यावर पाठ करून बसलेला.

मग माझी बदली जळगावला झाली, सर निवृत्त झाले, मीही झाले. दिवाळीला फोन व्हायचा. सरांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता, समोर नुसतं धुकं दिसतं म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी एक जुनी विद्यार्थिनी बाहेरच्या देशातून मोबाईलवर काहीबाही पाठवत होती, त्यात एक शोधनिबंध आला. उघडला आणि मी खुर्चीत नीट बसले. विषय तोच. त्या जगांतल्या बहुपदींत कोणत्या लांबीचे फेरे गायब होतात, केव्हा, का. सगळं सोडवलेलं. पहिल्याच पानावर पहिलं उदाहरण, एक्सचा वर्ग अधिक एक्स. दोनचं जग. लेखक कोण कुठले, त्यांना एरंडोल माहीत असण्याचं कारण नाही.

सांगावं की नाही, यात आठवडा गेला. म्हाताऱ्या माणसाला आता कशाला टोचायचं, असं एक मन म्हणे. शेवटी मी कागद छापून घेतले आणि सोनगीरची गाडी धरली. जे सरांना ठाऊक असायला हवं ते माझ्या कपाटात ठेवून मला झोप आली नसती.

सर ओट्यावर खाटेवर बसले होते. खूपच वाळले होते. आवाजावरून ओळखलं, "या मॅडम," म्हणाले, अक्कांना चहा टाकायला सांगितलं. मी इकडचं तिकडचं न बोलता वाचायला लागले. वाचायचं म्हणजे काय, चिन्हं तोंडाने सांगायची. सर डोळे मिटून ऐकत होते. मधूनच थांबवायचे, ते पद परत सांगा. मी सांगायचे. त्यांची मान हलायची. चहा आला, निवला. शेवटचं पान संपलं तेव्हा ऊन ओट्यावरून खाली उतरलं होतं.

सरांनी हात पुढे करून कागदांची चवड चाचपली. मग म्हणाले, "बरोबर आहे. चांगलं केलंय."

मी म्हटलं, सर, हे तुमचं होतं. म्हणताना मला रडू फुटलं, त्याची मला लाज नाही.

"मला दिसलं होतं मॅडम," ते म्हणाले. "एरंडोललाच. दोन नाही, चार नाही, आठ नाही, पुढेही असंच जाणार, सगळं दिसलं होतं. पण मला ते नको होतं. मला सगळे फेरे हवे होते. जे नाही ते मोजत बसायचं, हे काय काम झालं, असं वाटलं मला."

अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं, या बाई का रडतात. सर त्यांच्याशी अहिराणीत बोलले, कितीतरी दिवसांनी त्या विषयावर बोलले असतील. "जे चुकनं म्हनीसन मी फेकी दिधं," ते म्हणाले, "तेच खरं काम व्हतं."

अक्का तिथेच उंबऱ्यावर बसल्या. त्यांना ना बहुपदी माहीत, ना सातचं जग. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "मंग इतला वरीस मान खाले घालीसन कसाले फिरनात तुम्ही?"

सरांनी निवलेल्या चहाचा कप चाचपून तोंडाला लावला. मी कागद गोळा करू लागले. अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि मला जेवून जायला सांगितलं.

निघताना सर हट्टाने फाट्यापर्यंत आले, एका बाजूने अक्का, एका बाजूने मी. रस्त्यात मी म्हटलं, त्या लेखकांना मी लिहिते. इतक्या वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका शिक्षकाने हे उदाहरण काढलं होतं, परिषदेत सांगितलं होतं, ऐकणारे लोक अजून आहेत. एका ओळीत तुमचं नाव येईल. सर चालता चालता थांबले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना ते हवं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला स्वतःसाठी काहीतरी हवं असलेलं मी पाहिलं, आणि मला वाटलं, आता हो म्हणतील. धुळ्याची गाडी आली, कंडक्टर घाई करू लागला.

"नको," सर म्हणाले. "जळगावला त्या बाई द्यायला आल्या होत्या तेव्हा घेतलं नाही. आता मागणं बरं दिसत नाही."

मी चढले, खिडकी सरकवली, हाक मारली. पण तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून शिरपूरची गाडी सुटली आणि तिचा आवाज मोठा होता. सरांनी तिकडे तोंड वळवलं आणि हात वर करून हलवायला लागले. अक्का त्यांचा खांदा धरून त्यांना माझ्याकडे वळवू बघत होत्या. माझी गाडी निघाली तरी सर त्या दुसऱ्या गाडीलाच हात करत होते.